मोबाइल ॲपचे कंपोनंट : एडिटरमध्ये बनवायचे कसे, शोधायचे कसे

मोबाइल ॲप शिकायला बसलेल्या माणसाला कोड तितका छळत नाही, जितकं 'आता मी नेमक्या कुठल्या फाइलमध्ये आहे' हे छळतं. ट्युटोरियलमध्ये समोरचा माणूस दोन कळा दाबतो आणि भलत्याच फाइलमध्ये जाऊन पोचतो. आपण डावीकडच्या फोल्डरांच्या यादीत वर-खाली करत बसतो. माझे पहिले दोन महिने असेच गेले. कंपोनंट (स्क्रीनचा स्वतंत्र, पुन्हा वापरता येणारा तुकडा) बनवणं आणि त्यांच्यात फिरणं या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या शिकले, तिथेच चुकलं. कंपोनंट नीट बनवला असेल तर एडिटर तुम्हाला हव्या त्या जागी बोट धरून नेतो. ढिसाळ बनवला असेल तर कुठलाही शॉर्टकट कामाला येत नाही.

हा लेख रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, एक्स्पो आणि व्हीएस कोड यांना धरून आहे. पहिली मोबाइल ॲप लिहायची लायब्ररी, दुसरं त्या ॲपचा प्रोजेक्ट बनवून चालवणारं साधन, तिसरा कोड लिहायचा एडिटर. कोडमधले शब्द, फाइलींची नावं, कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. शॉर्टकट विंडोजचे दिलेत. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड कळ येते. कंट्रोल + बॅकटिक (१ च्या डावीकडची कळ), कंट्रोल + स्पेस आणि कंट्रोल + जी मात्र मॅकवरही कंट्रोलनेच; आणखी एक अपवाद पुढे सांगितला आहे.

आधी हे जमवा

- नोड जेएसची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती. सगळ्यांत नवी नको, एलटीएसच.
- व्हीएस कोड. टाइपस्क्रिप्टची समज त्यात मुळातच असते, त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागत नाही.
- फोन आणि त्यात एक्स्पो गो ॲप. फोन नसेल तर अँड्रॉइड एम्युलेटर. आयफोनचा सिम्युलेटर फक्त मॅकवरच चालतो.
- फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर. तसं शक्य नसेल तर 'एक्स्पो स्टार्ट'च्या पुढे 'टनेल' पर्याय द्यावा लागतो.
- गिट, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन. पहिल्या दिवसापासून. का ते पुढे कळेल.

एक्स्टेन्शनांचा ढीग सुरुवातीला नको. दहा एक्स्टेन्शनं टाकली की सुचवणी कोण देतंय, फाइल आपोआप कोण बदलतंय, हेच कळेनासं होतं.

१. प्रोजेक्ट बनवा आणि बरोबर तोच फोल्डर उघडा

टर्मिनलमध्ये 'एनपीएक्स क्रिएट-एक्स्पो-ॲप' ही कमांड द्या आणि टेम्प्लेट म्हणून 'ब्लँक-टाइपस्क्रिप्ट' निवडा. नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये टॅब, राउटर (एका स्क्रीनवरून दुसरीवर नेणारी व्यवस्था), थीम असं बरंच काही तयार मिळतं आणि नवखा माणूस दुसऱ्याच्या घरात भांडी शोधल्यासारखा त्यात फिरत राहतो. रिकाम्या टेम्प्लेटमध्ये एक 'ॲप.टीएसएक्स' असते. तिथून सुरू करा. फोल्डरच्या पूर्ण वाटेत स्पेस किंवा देवनागरी अक्षरं ठेवू नका. पुढे अँड्रॉइडचं बिल्ड (इन्स्टॉल करता येईल असं ॲप) करताना ती नडतात.

आता व्हीएस कोडमध्ये 'ओपन फोल्डर' करा. 'ओपन फाइल' नाही, आणि वरचा 'प्रोजेक्ट्स' फोल्डरही नाही. डावीकडच्या यादीत पहिल्याच पातळीवर 'पॅकेज.जेसन' दिसली पाहिजे. ती एक पातळी आत दडलेली असेल तर तुम्ही चुकीचा फोल्डर उघडला आहे. मग टर्मिनल भलत्या जागी उघडतं आणि एक्स्पोला प्रोजेक्टच सापडत नाही. फोल्डरवर विश्वास आहे का, असं एडिटर विचारतो. प्रोजेक्ट तुमचाच आहे, हो म्हणा. नाही म्हटलंत तर तो मर्यादित मोडमध्ये उघडतो आणि बऱ्याच सोयी बंद राहतात.

कंट्रोल + बॅकटिक दाबून एडिटरमधलंच टर्मिनल उघडा, 'एनपीएक्स एक्स्पो स्टार्ट' द्या, क्यूआर कोड फोनने स्कॅन करा. फोनवरचं एक्स्पो गो आणि प्रोजेक्ट यांची एसडीके (एक्स्पोच्या साधनसंचाची) आवृत्ती जुळावी लागते. जुना प्रोजेक्ट उघडताना इथेच अडायला होतं.

२. पहिला कंपोनंट : आधी नाव, मग फाइल, मग कोड

आपण टिपणांचं छोटं ॲप बनवतोय असं धरू. यादीतल्या एका टिपणासाठी एक कार्ड हवं. 'सोर्स' फोल्डर, त्यात 'कंपोनंट्स', आणि त्यात फाइल 'नोटकार्ड.टीएसएक्स'. फायलींच्या यादीत 'न्यू फाइल' करताना नावात तिरकी रेघ देऊन पूर्ण वाट एकदम लिहिलीत तर मधले फोल्डर आपोआप तयार होतात.

नावाबाबत मी हट्टी आहे.

कंपोनंटचं नाव मोठ्या अक्षराने सुरू झालंच पाहिजे, आणि जोडशब्दातला दुसरा शब्दही मोठ्या अक्षराने. ही नुसती शिस्त नाही. लहान अक्षराने सुरू होणाऱ्या टॅगला रिअ‍ॅक्ट तुमचा कंपोनंट मानतच नाही, तो प्लॅटफॉर्मचा अंगभूत घटक समजतो आणि तसा घटक नसल्यामुळे ॲप लाल स्क्रीन दाखवून थांबतं.

फाइलीचं नाव आणि कंपोनंटचं नाव अक्षरशः एकच ठेवा. 'कार्ड', 'आयटम', 'न्यू', 'टेस्ट२' असली नावं नकोत. प्रत्येक फोल्डरात 'इंडेक्स' नावाची फाइल करून कंपोनंट त्यात ठेवायची पद्धत काही जण शिकवतात. मला ती नवशिक्यासाठी घातक वाटते. वर सहा टॅब उघडे आणि सहाही 'इंडेक्स'. शोधायला गेलं तरी सगळे 'इंडेक्स'.

फाइलीच्या नावाचं एक्स्टेन्शन 'टीएसएक्स'च हवं. 'टीएस' दिलंत तर टॅगच्या पहिल्या कोनी कंसापासून लाल रेघा सुरू होतात आणि कोड बरोबर असल्यामुळे चूक सापडत नाही.

आता आतला कोड. वरती रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधून 'व्ह्यू', 'टेक्स्ट', 'स्टाइलशीट' इम्पोर्ट करा. त्याखाली प्रॉप्सचा (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या माहितीचा) टाइप लिहा : 'टायटल' स्ट्रिंग, 'बॉडी' स्ट्रिंग, 'ऑनप्रेस' एक फंक्शन. मग 'एक्स्पोर्ट फंक्शन नोटकार्ड', आणि सगळ्यात खाली स्टाइल्स. प्रॉप्सचा टाइप लिहायचा कंटाळा करू नका. तो लिहिला की दुसऱ्या फाइलमध्ये कार्ड वापरताना कंट्रोल + स्पेस दाबल्यावर कुठले प्रॉप्स द्यायचे ते एडिटर समोर ठेवतो, आणि एखादा राहिला तर लाल रेघ ओढून सांगतो.

'एक्स्पोर्ट डिफॉल्ट' नव्हे, नावासकट एक्स्पोर्ट करा. डिफॉल्ट एक्स्पोर्ट घेणारी फाइल त्याला हवं ते नाव देऊ शकते. एकाच कार्डाला एका स्क्रीनमध्ये 'कार्ड' आणि दुसरीत 'नोट' म्हटलं की नावाने शोधण्याची सोयच संपते. राउटरच्या स्क्रीन फाइलींना डिफॉल्ट एक्स्पोर्ट लागतो, तेवढा अपवाद.

जुन्या ट्युटोरियलमध्ये 'क्लास … एक्स्टेंड्स कंपोनंट' असं दिसेल. हुक्स (स्टेट, म्हणजे कंपोनंटची बदलती माहिती, फंक्शनमध्येच ठेवता येण्यासारख्या सोयी) रिअ‍ॅक्टच्या १६.८ आवृत्तीत, फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. तोवर स्टेट हवी तर क्लासच लिहावा लागे. तसा कोड आजही चालतो, पण शिकताना दोन्ही पद्धती एकत्र करू नका. फंक्शनच लिहा.

३. हाच साचा स्निपेटमध्ये ठेवा

स्निपेट म्हणजे एक छोटा शब्द टाइप केल्यावर उमटणारा तयार कोड. तीनदा हाताने लिहिल्यावरच हे करा, आधी नाही. कंट्रोल + शिफ्ट + पी ने कमांड पॅलेट उघडा, 'स्निपेट्स' टाइप करा, कॉन्फिगर करण्याचा पर्याय घ्या. भाषा विचारेल तेव्हा 'टाइपस्क्रिप्ट रिअ‍ॅक्ट' निवडा. इथे बहुतेक जण नुसतं 'टाइपस्क्रिप्ट' निवडतात आणि मग टीएसएक्स फाइलमध्ये स्निपेट उमटतच नाही.

कंपोनंटच्या नावाच्या जागी 'टीएम फाइलनेम बेस' हा व्हेरिएबल घाला : सगळी अक्षरं मोठी, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, आधी डॉलरचं चिन्ह. त्यामुळे एक्स्टेन्शन वगळून फाइलीचं जे नाव, तेच कंपोनंटचं नाव आपोआप पडतं. फाइल आणि कंपोनंट यांची नावं वेगळी पडण्याची चूक तिथेच बंद होते.

४. वापरताना इम्पोर्ट हाताने लिहू नका

'ॲप.टीएसएक्स'मध्ये या, कोनी कंस उघडा, नावाची चार अक्षरं टाइप करा. सुचवण्यांत 'नोटकार्ड' येईल आणि शेजारी ते कुठल्या फाइलमधून येतंय ते दिसेल. ती वाट वाचा, मगच एंटर दाबा. इम्पोर्टची ओळ वर आपोआप पडते. नाव आधीच लिहून झालं असेल तर त्याच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल + टिंब दाबा आणि इम्पोर्ट जोडण्याचा पर्याय घ्या.

वाट वाचा असं का लिहिलं ते सांगते. कार्डात मोठा बदल करण्याआधी मी फाइलीची एक कॉपी करून त्याच फोल्डरात ठेवली होती. फंक्शनचं नाव दोन्हीकडे तेच. नंतर यादीच्या स्क्रीनमध्ये नाव टाइप केलं, सुचवणी आली, घाईत एंटर. मग मूळ फाइलमध्ये कडेची जागा ८ वरून १६ केली. फोनवर काहीच हललं नाही. ३२ केली. तरी नाही. बंडलर (कोड एकत्र करून फोनला देणारा प्रोग्राम) बंद करून चालू केला, कॅशे (त्याने साठवलेला जुना माल) साफ केली, एक्स्पो गो काढून पुन्हा टाकलं. संध्याकाळी कधीतरी यादीच्या स्क्रीनमधल्या त्या नावावर कर्सर ठेवून एफ १२ दाबलं. उघडली ती कॉपी. फोन दिवसभर अगदी बरोबर वागत होता, मीच दुसऱ्या फाइलला रंगवत बसले होते.

तेव्हापासून दोन नियम पाळते. जुना कोड जपायला गिट असतं, 'कॉपी' नावाच्या फाइली नाहीत. आणि बदल फोनवर दिसत नसेल तर कॅशेच्या मागे लागण्याआधी, जिथे तो कंपोनंट वापरलाय तिथून एफ १२ दाबायचं.

५. आता फिरायला शिका

या भागावर वेळ घालवा. खालच्या कळा एकदम पाठ करू नका. प्रत्येक कळ एका प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न पडला की ती वापरा.

*'ती फाइल कुठे आहे?'* कंट्रोल + पी. पूर्ण नाव लिहायची गरज नाही. 'नोटकार्ड'साठी इंग्रजी एन आणि सी एवढंही पुरतं. नावं नीट ठेवल्याचं फळ इथे मिळतं. एंटर दाबल्यावर फाइल उघडते, कंट्रोल + एंटर दाबल्यावर ती शेजारी उघडते.

*'हे नाव आलं कुठून?'* एफ १२. इम्पोर्टच्या ओळीवर, टॅगवर, प्रॉपवर, फंक्शनवर, कशावरही. 'स्टाइल्स.कार्ड'मधल्या 'कार्ड'वर दाबलंत तर खाली स्टाइलच्या त्याच ओळीवर नेतो. फाइल न सोडता नुसतं डोकावायचं असेल तर ऑल्ट + एफ १२. काही लॅपटॉपवर एफच्या कळा आवाज आणि उजेडासाठी राखून ठेवलेल्या असतात, तिथे सोबत एफएन दाबावी लागते.

*'हे कुठे कुठे वापरलंय?'* शिफ्ट + एफ १२. कुठलाही कंपोनंट बदलण्याआधी हे दाबायची सवय लावा. एकाच स्क्रीनसाठी म्हणून कार्डाची उंची बदलावी आणि ते आणखी तीन स्क्रीनवर वापरलेलं निघावं, हे फार सहज घडतं.

*'मघाशी मी कुठे होते?'* ऑल्ट + डावा बाण. एफ १२ इतकीच ही कळही मोलाची, पण ती कोणी शिकवत नाही. एफ १२ ने चार फाइली आत गेलात तरी त्याच वाटेने एकेक पाऊल मागे येता येतं. मॅकवर हे कंट्रोल + वजाच्या चिन्हाने होतं, कमांडने नाही. मागे यायची वाट माहीत असली की आत शिरायची भीती जाते.

*'या लांबलचक फाइलमध्ये ते फंक्शन कुठे आहे?'* कंट्रोल + शिफ्ट + ओ. फाइलमधल्या सगळ्या नावांची यादी येते, टाइप करत गेलं की गाळली जाते. फाइल माहीत नसेल, फक्त नाव आठवत असेल, तर कंट्रोल + टी पूर्ण प्रोजेक्टात शोधतो.

*'एरर म्हणतेय ओळ ४७.'* कंट्रोल + जी, मग ४७.

दोन गोष्टींनी नवखे हमखास गोंधळतात. फाइलवर एकदाच क्लिक केलं तर ती तात्पुरत्या टॅबमध्ये उघडते, तिचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं, आणि पुढची फाइल क्लिक केली की पहिली नाहीशी होते. ती हरवलेली नसते. टिकवायची असेल तर डबल क्लिक करा, किंवा त्यात काहीतरी टाइप करा. दुसरी गोष्ट टॅबवरच्या गोल ठिपक्याची. तो दिसतोय म्हणजे फाइल सेव्ह झालेली नाही, आणि सेव्ह केल्याशिवाय फोनवर काही बदलत नाही.

एफ १२ 'व्ह्यू' किंवा 'टेक्स्ट'वर दाबलंत तर 'नोड मॉड्यूल्स'मधली एक अनोळखी फाइल उघडेल. वाचा, शिका, पण तिथे एक अक्षरही बदलू नका. पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केली की तो बदल पुसला जातो आणि दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर तो कधीच पोचत नाही.

६. फोनवर दिसतंय, पण कोड कुठे आहे?

दुसऱ्याचा प्रोजेक्ट हातात आला की हा प्रश्न पहिला. स्क्रीनवर दिसणारे दोन-तीन शब्द घ्या आणि कंट्रोल + शिफ्ट + एफ ने पूर्ण प्रोजेक्टात शोधा. ॲप अनेक भाषांत असेल तर ते शब्द भाषांतराच्या फाइलमध्ये सापडतील. मग त्यांच्यासमोरची 'की', म्हणजे त्या शब्दांचं कोडमधलं नाव, घेऊन पुन्हा शोधा, दुसऱ्या खेपेला कंपोनंट मिळतो.

शब्दच नसतील, नुसता आयकॉन असेल, तर एक्स्पो चालू असलेल्या टर्मिनलमध्ये एम दाबा. फोनवर डेव्हलपर मेनू उघडतो. त्यातला एलिमेंट इन्स्पेक्टर चालू करून आयकॉनवर बोट ठेवा, तो कुठल्या कंपोनंटच्या आत बसलाय त्याची साखळी दिसते. तिथलं ओळखीचं नाव कंट्रोल + पी मध्ये टाका. कंपोनंटला 'आयटम' नाव दिलेलं असेल तर इथेही हात रिकामेच राहतात.

७. मोठ्या स्क्रीनमधून तुकडा वेगळा काढणं

स्क्रीनची फाइल वाढत जाते. ओळी मोजून ती तोडू नका. एखाद्या तुकड्याला स्वतःचं नाव सुचलं, की तो वेगळा करायची वेळ झाली.

हव्या त्या टॅगचा पूर्ण भाग निवडा, म्हणजे उघडणाऱ्या टॅगपासून बंद होणाऱ्यापर्यंत. कट करा, नव्या फाइलमध्ये साचा आणून त्यात पेस्ट करा. आता जिथे जिथे लाल रेघ आली ती नावं दोन प्रकारची असतील. काही रिअ‍ॅक्ट नेटिव्हची, ती कंट्रोल + टिंब ने इम्पोर्ट करा. उरलेली तुमच्या स्क्रीनमधली : तीच तुमच्या नव्या कंपोनंटची प्रॉप्स. लाल रेघांना घाबरायचं कारण नाही, कुठली प्रॉप्स लागतील त्याची आयती यादी त्या देतात.

इथला सापळा मोठा आहे. वेगळी फाइल करायचा कंटाळा आला म्हणून बरेच जण स्क्रीनच्या फंक्शनच्या *आतच* दुसरा कंपोनंट लिहितात. दिसायला सगळं ठीक असतं. मग त्या आतल्या कंपोनंटमध्ये 'टेक्स्टइनपुट' येतो आणि त्याची स्टेट बाहेरच्या स्क्रीनमध्ये असते. फोनवर एक अक्षर टाइप केलं की कीबोर्ड मिटतो. पुन्हा टॅप, पुन्हा एक अक्षर, पुन्हा मिटला. कारण असं : अक्षर टाइप झालं की स्टेट बदलते, स्क्रीनचं फंक्शन पुन्हा चालतं, आतला कंपोनंट नव्याने जन्मतो. रिअ‍ॅक्टच्या लेखी तो वेगळाच कंपोनंट असतो, म्हणून जुना इनपुट काढून नवा बसवला जातो आणि फोकस जातो. आतला कंपोनंट उचलून फंक्शनच्या बाहेर ठेवा, त्याला लागणाऱ्या गोष्टी प्रॉप्स म्हणून द्या, कीबोर्ड जागेवर राहतो.

८. नाव बदलणं, जागा बदलणं

कंपोनंटच्या नावावर कर्सर ठेवून एफ २ दाबा, नवं नाव द्या, एंटर. ज्या ज्या फाइलमध्ये तो वापरलाय तिथेही बदल होतो. शोधा-आणि-बदला वापरू नका. 'नोट' बदलायला गेलात तर 'नोटकार्ड' आणि 'नोटलिस्ट'ही बिघडतील.

फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवायची असेल तर एडिटरच्या यादीतच ओढून टाका. इम्पोर्टच्या ओळी सुधारू का, असं तो विचारतो; हो म्हणा. तेच काम बाहेरच्या फाइल मॅनेजरमधून केलंत तर प्रत्येक इम्पोर्ट हाताने दुरुस्त करावा लागतो. पुढे एक्स्पो राउटर वापरायला लागाल तेव्हा 'नोटकार्ड'सारखे तुकडे 'ॲप' नावाच्या फोल्डरात ठेवू नका. तिथली प्रत्येक फाइल राउटरच्या दृष्टीने एक स्क्रीन असते.

९. लाल स्क्रीन आली तर

'एलिमेंट टाइप इज इनव्हॅलिड' आणि पुढे 'अनडिफाइन्ड' असं दिसलं, तर दहातल्या नऊ वेळा इम्पोर्टमध्ये महिरपी कंस असायला हवे होते तिथे नाहीत, किंवा नको तिथे आहेत. नावासकट एक्स्पोर्ट असेल तर महिरपी कंस लागतात, डिफॉल्टला लागत नाहीत. 'टेक्स्ट'च्या बाहेर शब्द राहिले असतील तरी एरर येते. टॅगच्या मागे चुकून पडलेला एखादा स्वल्पविरामही त्याला पुरतो.

कोड बरोबर आहे, ॲप नीट चालतंय, तरी एडिटरमधल्या लाल रेघा जात नाहीत? कमांड पॅलेटमध्ये 'रिस्टार्ट टीएस सर्व्हर' शोधून चालवा. उलट, एडिटर शांत आहे पण ॲपला फाइल सापडत नाही, असं असेल तर एक्स्पो बंद करून 'क्लिअर' पर्यायासह पुन्हा सुरू करा.

आणि एक चूक अशी, जी तुमच्या कॉम्प्युटरवर कधी दिसतच नाही. विंडोज आणि मॅक नेहमीच्या मांडणीत फाइलीच्या नावातला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतो. फाइल लहान अक्षराने आणि इम्पोर्ट मोठ्या अक्षराने असेल तर फोनवर सगळं चालू शकतं आणि लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर 'फाइल सापडली नाही' म्हणून बिल्ड पडतं. नुसतं एक अक्षर लहानाचं मोठं केलं तर गिटलाही तो बदल अनेकदा कळत नाही. टर्मिनलमध्ये 'गिट एमव्ही' वापरून आधी एखाद्या तात्पुरत्या नावावर न्या, मग हव्या त्या नावावर आणा, आणि कमिट करण्याआधी 'गिट स्टेटस'मध्ये नवं नाव दिसतंय का ते बघा.